जुन्या टर्नटेबलला दुसरा आर्म: आधी मोजपट्टी, मग पाकीट

मामांनी 1972 साली इंग्लंडहून परतताना गोल्डरिंग-लेन्को जीएल75 नावाचा एक रेकॉर्ड प्लेअर बरोबर आणला होता. वीस-बावीस वर्षं तो माळ्यावर पडून होता. खाली काढला तेव्हा मोटर एका दमात फिरली, आयडलरचं, म्हणजे थाळी फिरवणाऱ्या चाकाचं, रबर पुसून घेतल्यावर वेगही जागेवर आला. मामा खूश झाले आणि म्हणाले, "लाव रे एखादी." सुई टेकवायला आर्म, म्हणजे सुई धरणारा लांब दांडा, उचलला, तर तो हातात पाळण्यासारखा डुलायला लागला. ज्या दोन ठोकळ्यांवर आर्म तोललेला असतो त्यांचा भुगा झाला होता. तिथून जो शोध सुरू झाला, त्यात मी दोनदा चुकीचा आर्म घेतला. तिसरा बसला. आधीच्या दोन चुकांचे पैसे वसूल व्हावेत म्हणून हे सगळं लिहितोय.

लेन्को डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण तो मी उघडून पाहिलाय. पण गॅरार्ड, थोरेन्स किंवा आणखी कुठला प्लेअर असला तरी पायऱ्या याच.

लेन्कोची ओळख थोडक्यात करून देतो. कंपनी स्वित्झर्लंडमधल्या बुर्गडॉर्फची. एल75 हे मॉडेल 1960च्या दशकाच्या उत्तरार्धातलं, इंग्लंडमध्ये ते गोल्डरिंगच्या नावाने विकलं जायचं. थाळी सुमारे चार किलोची. मोटरचा दांडा निमुळता, गाजरासारखा, आणि त्यावर उभं रबरी चाक पुढेमागे सरकतं. त्यामुळे 16पासून 78पर्यंत कुठलाही वेग लावता येतो. यंत्र म्हणून हा प्लेअर दणकट आहे. नाजूक आहे तो फक्त आर्म.

आर्म खरंच गेलाय का?

बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथेच. एल75चा आर्म वरखाली हलतो तो सुरीच्या पात्यासारख्या धारेवर, आणि ती धार व्ही आकाराच्या खाचेच्या दोन छोट्या ठोकळ्यांत बसलेली असते. मूळ ठोकळे मऊ असतात, पन्नास वर्षांनी त्यांचा चुरा होणारच. नायलॉन किंवा पितळेचे तयार ठोकळे मिळतात. पेचकस आणि चिमटा घेऊन बसलात तर दुपारभराचं काम, खर्च नव्या आर्मच्या पासंगालाही पुरणार नाही. मूळ प्लेअर होता तसा जपायचा असेल, कार्ट्रिज (आर्मच्या टोकाला लावायची सुईची डबी) साधंच लावायचं असेल, तर ठोकळे बदला आणि हा लेख इथेच मिटा. मला त्याचा राग येणार नाही.

दुसऱ्या प्लेअरवर तपास असा करा. मागचं वजन सरकवून सुईचा दाब शून्यावर आणा आणि आर्म तरंगता ठेवा. टोकाजवळ वहीच्या कागदाचा चिटोरा ठेवला तर आर्म झुकला पाहिजे आणि काढल्यावर परत वर आला पाहिजे. आडवा ढकलला तर न अडखळता गेला पाहिजे. मग हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसतं ते आर्मचं टोक, दोन बोटांत हलकेच धरून पुढेमागे हलवा. 'टक' असं जाणवलं तर बेअरिंग ढिली आहे. मात्र धारेवर तोललेल्या आर्मला ही परीक्षा लावू नका, तो नुसता ठेवलेला असतो आणि बोटाने उचलला जाणारच. ज्यांना हे माहीत नसतं ते चांगला आर्म 'लूज आहे' म्हणून नाकारतात.

आपल्याकडच्या हवेत एक गोष्ट वेगळी होते. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहिलेल्या प्लेअरच्या आर्मच्या बेअरिंगमधल्या बारीक गोळ्यांना गंज चढतो. मग घरातलं कुणीतरी प्रेमाने शिवणयंत्राचं तेल सोडतं. आर्मच्या बेअरिंगमध्ये तेल घालायचं नसतं. तेलात धूळ चिकटते आणि वर्षभरात त्याचा चिखल होतो. असं तेल पाजलेलं असेल तर आर्म गेला असं लगेच समजू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बघा, पुष्कळदा तो जागा होतो. नळी वाकलेली असेल, आतल्या तारा तुटल्या असतील, मागच्या वजनाचा मूळ ठोकळाच हरवला असेल किंवा गोळ्यांच्या जागी खड्डे पडले असतील, तर मात्र दुसरा आर्म बघायचा.

जागा मोजा

माझी पहिली चूक इथली. आर्म सुरेख होता, पण माझ्या प्लेअरवर तो बसूच शकत नव्हता.

पहिलं माप म्हणजे मधल्या दांडीच्या केंद्रापासून आर्मच्या फिरण्याच्या केंद्रापर्यंतचं अंतर. प्रत्येक आर्मला ते ठरलेलं असतं. रेगाच्या नऊ इंची आर्मला 222 मिमी, जेल्को एसए-750डीला 214, टेक्निक्स एसएल-1200च्या आर्मला 215, ऑर्टोफोनच्या जुन्या 212 मालिकेला नावाप्रमाणेच 212. मापपट्टी धरून हे नीट मोजता येत नाही, कारण दांडी आड येते. ॲल्युमिनियमची एक सरळ पट्टी घ्या, एका टोकाला 7.2 मिमीचं भोक पाडा म्हणजे ती दांडीवर घट्ट बसेल, आणि त्या भोकाच्या केंद्रापासून पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा करा. एकदा केलेली ही पट्टी जन्मभर पुरते.

आता प्लेअरच्या वरच्या पत्र्यावर कागदी टेप चिकटवा, पट्टीच्या 222च्या खुणेवर पेन्सिल धरा आणि कंस काढा. 214चाही काढा. त्या कंसावर कुठेही केंद्र घेतलं तरी भूमितीच्या दृष्टीने चालतं. पण भोकाखाली काय आहे? लेन्कोत स्विचचा दांडा आणि तारा आहेत, काही प्लेअरमध्ये स्प्रिंग, काहींत ट्रान्सफॉर्मर. तळ उघडा, टॉर्च मारा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुसरं माप मागच्या बाजूचं. केंद्राच्या मागे वजनासकट आर्म सात-आठ सेंटिमीटर बाहेर येतो आणि आर्म आत सरकला की हे शेपूट बाहेरच्या बाजूला वळतं. झाकण लावायचं असेल तर ते तिथेच धडकतं. पुठ्ठ्याचा आर्म कापा, मध्ये टाचणी खुपसा आणि बाहेरच्या कडेपासून शेवटच्या खोबणीपर्यंत फिरवून बघा. पोरखेळ वाटेल, पण माझा दुसरा आर्म या पुठ्ठ्याने वाचला असता.

तिसरं माप उंचीचं. आर्म ज्या पृष्ठभागावर बसणार तिथपासून, मॅटसकट ठेवलेल्या तबकडीच्या वरच्या पातळीपर्यंत मोजा. कार्ट्रिज बहुधा सतरा-अठरा मिमी उंच असतं, आणि ते तबकडीवर टेकलेलं असताना आर्मची नळी आडवी दिसायला हवी. बऱ्याच आर्मचा खांब वरखाली करता येतो. रेगाचा येत नाही, त्याला खाली चकत्या द्याव्या लागतात. लेन्कोची थाळी उंच बसते, त्यामुळे चकत्या लागण्याचीच शक्यता धरून चाला. उंचीचा बाऊ मात्र करू नका. नऊ इंची आर्मची मागची बाजू चार मिमी वर केली तेव्हा कुठे सुईचा कोन सुमारे एक अंशाने बदलतो. अर्ध्या मिलिमीटरसाठी रात्र जागवणारे लोक मी पाहिलेत. त्यांना झोपेची गरज आहे.

वजनाचं गणित

कागदावरचे आकडे बघून बहुतेक जण फसतात ते इथे. आर्मचं 'इफेक्टिव्ह मास' म्हणजे काट्यावर भरणारं वजन नव्हे. सुईला आर्म हलवताना जेवढा जड लागतो तेवढं ते. त्यामुळे हेडशेलपाशी वाढवलेला एक ग्राम जवळजवळ पुरता एक ग्राम मोजला जातो, तर केंद्राजवळच्या जड वजनाचा हिशेब किरकोळ असतो.

कार्ट्रिजच्या आत सुईची दांडी रबराच्या कुशीत बसलेली असते. रबर मऊ आणि आर्म जड असेल तर ही जोडी संथ डोलते, रबर ताठ आणि आर्म हलका असेल तर भरभर थरथरते. हे डोलणं सेकंदाला 8 ते 12 वेळा, म्हणजे 8 ते 12 हर्ट्झ, असावं असा संकेत आहे. त्याहून खाली आलं तर तबकडीची वाकडी लाट आर्मला उड्या मारायला लावते. फार वर गेलं तर ते ऐकू येणाऱ्या खर्जाच्या दारात जाऊन उभं राहतं.

हिशेब सोपा आहे. आर्मचं इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचा एखादा ग्राम यांची बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सच्या, म्हणजे ते रबर किती मऊ हे सांगणाऱ्या, आकड्याने गुणा. आलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि 159ला त्याने भागा.

रेगाचा आर्म सुमारे 11 ग्रामचा धरा. त्यावर ऑर्टोफोन 2एम रेड, वजन 7.2, कंप्लायन्स 20. बेरीज 19.2, गुणाकार 384, वर्गमूळ 19.6. उत्तर 8.1 हर्ट्झ. चालेल, पण काठावर. म्हणजे जड हेडशेलच्या आर्मवर हेच कार्ट्रिज खाली घसरणार.

आता डेनॉन डीएल-103. वजन 8.5 ग्राम, छापलेला कंप्लायन्स 5. इथे थांबा. जपानी कंपन्या हा आकडा पुष्कळदा 100 हर्ट्झला मोजून देतात आणि आपल्याला हवा असतो 10 हर्ट्झचा. अंदाज म्हणून छापील आकड्याची दीडपट ते दुप्पट धरतात. 9 धरू. एसएमई 3009 सिरीज दोन इम्प्रूव्हडचा नळीला कायमच्या जोडलेल्या हेडशेलचा हलका अवतार 6.5 ग्रामचा आहे. बेरीज 16, गुणाकार 144, वर्गमूळ 12, उत्तर 13 हर्ट्झच्या वर. जोडी जमली नाही. तेच डेनॉन 18 ग्रामच्या जड आर्मवर लावा, उत्तर दहाच्या आसपास येतं. आर्म वाईट नव्हता आणि कार्ट्रिजही वाईट नव्हतं, पत्रिका जुळत नव्हती एवढंच.

उलट टोक सत्तरच्या दशकातलं. त्या काळी फार मऊ कार्ट्रिजची लाट होती, काहींचा कंप्लायन्स 30च्या वर जायचा. असं कार्ट्रिज थोरेन्स टीडी 160वरच्या टीपी16 या 16.5 ग्रामच्या आर्मवर बसवलं तर साडेपाच हर्ट्झच्या जवळ येतं. पावसाळ्यात जरा वाकलेली तबकडी लावली की स्पीकरचा पडदा पोटासारखा आतबाहेर होताना दिसतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कार्ट्रिज ठरवा, निदान त्याची जात तरी ठरवा. मग आर्म. ज्याला कार्ट्रिज वारंवार बदलून बघायची हौस आहे त्याने 10 ते 14 ग्रामचा मधला आर्म घ्यावा, त्यात बहुतेक गोष्टी निभावतात.

78च्या तबकड्या असतील तर

मराठी घरात जुना प्लेअर दुरुस्त होतो तो पुष्कळदा आजोबांच्या ट्रंकेतल्या नाट्यपदांसाठी. 78च्या तबकड्या आपल्याकडे 1960च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे त्या अजून घराघरांत सापडतात. लेन्को 78वर फिरतो, आणि वेग मधल्यामध्ये हवा तसा लावता येत असल्याने 78हून जरा वेगळ्या गतीने मुद्रित झालेल्या जुन्या तबकड्यांचा सूरही जागेवर आणता येतो. तंबोरा घेऊन बसणाऱ्या माणसाला याचं मोल कळेल.

पण एलपीची सुई 78ला चालत नाही. एलपीच्या गोल सुईचं टोक सुमारे 0.7 मिलचं, म्हणजे 18 मायक्रॉनचं. 78ला लागतं 3 मिलचं, सुमारे 76 मायक्रॉनचं. बारीक सुई 78च्या खोबणीच्या तळाशी जाऊन खरखर गोळा करते, भिंतींवरचं गाणं तिच्या हाती लागत नाही. म्हणजे दोन सुया हव्यात, आणि शक्यतो दोन कार्ट्रिज. आता आर्मची निवड एकदम बदलते. रेगासारख्या आर्मचं हेडशेल नळीशी एकसंध असतं, त्यावर दर वेळी कार्ट्रिज बदलणं म्हणजे चार बारीक तारांशी झुंज. त्याऐवजी पिळून निघणारं, चार पिनांचं ठरावीक हेडशेल असलेला आर्म घ्यावा. याला एसएमई पद्धतीचं हेडशेल म्हणतात आणि जेल्को, ऑर्टोफोन, टेक्निक्स सगळ्यांना ते चालतं. दोन हेडशेल तयार ठेवायचे, एक एलपीचं, एक 78चं. लेन्कोच्या मूळ आर्मचं हेडशेल त्याचं स्वतःचं वेगळं आहे, तिथे ही सोय नाही.

वजनही तपासा. 78ला सुईचा दाब चार-पाच ग्रामपर्यंत लागू शकतो. मऊ कार्ट्रिजच्या काळात बनलेले काही हलके आर्म दीड-दोन ग्रामच्या हिशेबाने केलेले आहेत, तिथे वजन पुरत नाही.

मी लेन्कोवर जेल्को लावला तो याच कारणासाठी. घरात 78 नसत्या तर रेगा घेतला असता.

बाजारात काय आहे

रेगाचा आरबी300 आला 1983 साली. त्याची नळी एकाच ओतिवातली, जोड नाही, म्हणून ती ताठ. आरबी250 हा त्याचा साधा भाऊ. जुने मिळतात, आणि कंपनी अजून आर्म बनवते, त्यामुळे सुटे भाग मिळायची आशा असते. भोकही सोपं, सुमारे 25 मिमीचं गोल. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला मी हाच सुचवतो. वजनाच्या मागच्या दांडीकडे मात्र बघा, काहींत प्लॅस्टिकची असते आणि ती झुकलेली सापडते.

एसएमईची गोष्ट थोडी आपल्या अंगणातली आहे. इंग्लंडमधल्या स्टेनिंगच्या या कंपनीने 1959मध्ये पहिला आर्म विकायला काढला, आणि 3009 व 12 इंची 3012 हे गॅरार्ड 301च्या जोडीने अनेकांच्या मनात घट्ट बसले. 2016 साली पुण्याच्या अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाने एसएमई विकत घेतली, पुढे गॅरार्डचं नावही घेतलं. मग 2019च्या डिसेंबरात एसएमईने सुटे आर्म विकणं थांबवलं, आर्म आता त्यांच्या स्वतःच्या टर्नटेबलबरोबरच. त्यामुळे जुन्या 3009चे भाव चढले. जुन्या एसएमईचा मोठा गुण म्हणजे त्याची बैठक सरकते. कार्ट्रिज हेडशेलमध्ये जागच्या जागी राहतं आणि सगळा आर्म पुढेमागे करून अंतर जुळवायचं. मात्र त्यासाठी लांबट खाच कापावी लागते, आणि एकदा कापलेली खाच परत भरून येत नाही.

जेल्को म्हणजे जपानची इचिकावा ज्वेल. दुसऱ्यांच्या नावाने असंख्य आर्म त्यांनीच बनवून दिले. 2020मध्ये कंपनी बंद झाली. पण माल एवढा पसरला आहे की वापरलेले आर्म अजून मिळतात.

ऑनलाइन मिळणारे, कुणी बनवले ते न सांगणारे, एस आकाराचे चकचकीत आर्म मी दोन हाताळले. एकाची बेअरिंग ठीक होती, दुसऱ्याची इतकी आवळलेली की आर्म मध्येच थांबायचा. नशिबावर हवाला ठेवायची तयारी असेल तरच घ्या. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी धरूनच किंमत मोजा, नाहीतर दारात पोस्टमन उभा असताना तोंड पडतं.

12 इंची आर्म दिसतो देखणा. लांब आर्ममुळे कोनाची चूक कमी होते हे खरं, पण तो जडही होतो आणि त्याला लेन्कोच्या पत्र्याबाहेर लाकडात जागा द्यावी लागते. नवा मोठा प्लिंथ (प्लेअरची लाकडी बैठक) करणार असाल तरच त्या वाटेला जा.

आणि एक बाजूची गोष्ट. थोरेन्स टीडी 124च्या पहिल्या अवताराची थाळी लोखंडाची आहे. त्यावर जोरदार चुंबकाचं मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर तारेचं वेटोळं हलणारं) कार्ट्रिज लावलं की थाळी सुईला खाली ओढते आणि दाब नकळत वाढतो. लेन्कोची थाळी जस्ताच्या मिश्रधातूची, तिथे ही भानगड नाही.

वापरलेला आर्म घेताना

फोटोवर विश्वास ठेवू नका, व्हिडिओ मागा. तरंगता आर्म आडवा सरकताना आणि वरखाली होताना दिसला पाहिजे. विचारा की मूळ वजन आहे का, अँटीस्केटिंगचं (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून लावतात ते) छोटं वजन आणि त्याचा दोरा आहे का, बैठकीची चकती आणि नट आहेत का. यातला एकेक तुकडा शोधायला महिने जातात. मागचं वजन रबरावर बसवलेलं असेल तर ते खाली झुकलंय का बघा. आर्म उचलायचा लिफ्ट धप्पकन पडत असेल तर आतलं सिलिकॉन ऑइल वाळलंय एवढंच, ते भरता येतं.

आर्म हातात आल्यावर मल्टिमीटरने चारही तारा तपासा. हेडशेलच्या टोकापासून दुसऱ्या टोकाच्या प्लगपर्यंत चारही ठिकाणी सारखाच, अगदी थोडा रोध आला पाहिजे. या वेळी कार्ट्रिज जोडलेलं नको. मूव्हिंग कॉइलमध्ये मीटरचा प्रवाह सोडून कॉइल बिघडवणारे शहाणे कमी नाहीत.

बसवणं

लेन्कोचा वरचा पत्रा लगेच कापू नका. मी आधी 12 मिमी मरीन प्लायचा एक तुकडा घेऊन त्यावरच आर्म बसवला, तो तुकडा पत्र्याच्या जुन्या भोकावर क्लॅम्पने दाबला आणि आठवडाभर तसाच वाजवला. आवाज काही अंतिम नसतो अशा वेळी, पण अंतर, उंची, शेपूट, झाकण सगळं कळतं. मग पितळेची पायरी असलेली चकती लेथवाल्याकडून करून घेतली: खालचा भाग जुन्या भोकात घट्ट, वरच्या भागात जेल्कोच्या खांबाचं भोक. पत्र्याला करवत लागली नाही. लेथवाल्याला चित्र देताना मापं मिलिमीटरमध्ये लिहा आणि भोक आर्मच्या खांबावर घालून दाखवा. 'अंदाजे' हा शब्द तिथे वापरू नका.

थोरेन्स टीडी 160सारख्या प्लेअरचं काम सोपं, तिथे आर्मबोर्ड सुटा निघतो. मूळ बोर्ड ठेवून द्या आणि नव्या लाकडावर प्रयोग करा. फक्त ती थाळी स्प्रिंगवर तरंगते, म्हणून बोर्ड किंवा आर्म फार जड केलात तर स्प्रिंग परत जुळवाव्या लागतील.

आर्म आवळण्याआधी प्लेअर समतल करा. पाणसळ थाळीवर ठेवून दोन्ही दिशांनी बघा. तिरक्या प्लेअरवर आर्म एका बाजूला ओढला जातो आणि मग तुम्ही अँटीस्केटिंगला दोष देता.

तारांचे रंग सगळीकडे तेच: पांढरा डाव्याचा अधिक, निळा डाव्याचा उणे, लाल उजव्याचा अधिक, हिरवा उजव्याचा उणे. पिना कार्ट्रिजवर लावलेल्या असताना सोल्डर मारू नका, उष्णता आत जाते. आर्मच्या धातूची वेगळी अर्थिंगची तार ॲम्प्लिफायरच्या अर्थ स्क्रूला जोडा. नळीला बोट लावल्यावर गुणगुण वाढते किंवा थांबते असं झालं, तर हीच तार सुटलेली आहे.

भूमिती

सुई खोबणीला दोनच ठिकाणी अगदी स्पर्शरेषेत येते. ती दोन ठिकाणं कुठे घ्यायची याचं गणित 1938मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन यांनी मांडलं, 1941मध्ये बेअरवाल्ड यांनी. त्यांच्या रीतीने ती दांडीपासून 66 आणि 120.9 मिमीवर येतात. 1966च्या स्टीव्हन्सन रीतीने 60.3 आणि 117.4 मिमीवर.

हिशेब पुन्हा शाळेतला. दांडी ते केंद्र अंतराचा वर्ग करा, त्यात या दोन आकड्यांचा गुणाकार मिळवा, वर्गमूळ काढा. केंद्रापासून सुईच्या टोकापर्यंतची लांबी मिळते. रेगाच्या 222साठी बेअरवाल्ड रीतीने 239.3 येते, स्टीव्हन्सन रीतीने 237.4. रेगा स्वतः 237 सांगते, म्हणजे कंपनीचा कल कुठे आहे ते दिसतं. शेवटची खोबणी तबकडीच्या अगदी आत असते आणि आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या एलपीवर द्रुत नेमका तिथेच येतो. म्हणून मी स्वतः स्टीव्हन्सन लावतो. बाकीचे मला वेड्यात काढतात.

एक-दोन मिमी अंतर चुकलं असेल तर खाचा असलेल्या हेडशेलमध्ये कार्ट्रिज सरकवून ते भरून काढता येतं. नुसती दोन भोकं असलेल्या हेडशेलमध्ये नाही, तिथे आर्मच बरोबर ठिकाणी बसलेला हवा. दोन बिंदू छापलेला प्रोट्रॅक्टर कागदावर काढताना प्रिंटरने तो लहानमोठा केला नाही ना, हे व्हर्नियरने मोजा. मी एकदा न मोजलेल्या कागदावर दीड तास कार्ट्रिज जुळवत बसलो होतो. कागद 97 टक्क्यांनी छापलेला होता.

दाब काट्यावर मोजा, आर्मवरच्या खुणांवर नाही. सोनाराचा छोटा डिजिटल काटा पुरतो, फक्त काट्याची ताटली तबकडीच्या उंचीला आणायला हवी. 2एम रेडला 1.8 ग्राम, डीएल-103ला 2.5. अँटीस्केटिंग दाबाच्या आकड्याइतकं ठेवून सुरुवात करा. उजव्या बाजूला 'स' आणि 'श' फुटायला लागले तर जरा वाढवा, डाव्या बाजूला फुटले तर कमी करा.

पहिल्या वादनाला आवडीची तबकडी लावू नका, एखादी ओरखडे पडलेली लावा. आर्म शेवटपर्यंत गेला पाहिजे, शेपूट कुठे घासता कामा नये, आतल्या तारांनी आर्मला परत ओढता कामा नये. नव्या तारा ताठ असल्या तर शेवटच्या खोबणीत त्या आर्मला मागे खेचतात आणि तो एकाच जागी अडकतो. खांबाशी तारांना मऊ वळसा दिला की सुटतं.

महिन्याभराने नट एकदा हाताने तपासा, लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि हिवाळ्यात बसतं. काढलेला मूळ आर्म, त्याची वजनं, दोरा, स्क्रू, जुन्या ठोकळ्यांचा भुगासुद्धा एका डब्यात भरा आणि डब्यावर प्लेअरचं नाव लिहून त्याच्याच खाली ठेवा. आमच्या डब्यावर मामांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'लेन्को, टाकू नये.'